सिम्युलेटरच्या मोटरला पॉटऐवजी मॅग्नेटिक सेन्सर कसा लावायचा

आमच्या म्हापशाला पावसात हवेला इतका ओलावा असतो की सिम्युलेटरची सीट हलवणाऱ्या वायपर मोटरवरचे पॉट (मोटर किती फिरली ते सांगणारे पोटेन्शिओमीटर) वर्षभरात खराखरा करायला लागले, सीट उगाच दचकायची. मग एएस५६०० हा चुंबकाचा कोन वाचणारा सेन्सर लावला, काहीच घासत नाही त्यामुळे झिजायचा प्रश्नच नाही.

शाफ्टच्या टोकाला बरोबर मधोमध चुंबक चिकटवा, पण साधा नाही, व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेलाच हवा, नाहीतर रीडिंग फिरणारच नाही. चिप आणि चुंबकात १-२ मिमी अंतर ठेवा.

बाजारातले बरेच छोटे बोर्ड ३.३ व्होल्टचे असतात, त्यांना ५ दिलेत तर चिप जाईल. म्हणून ३.३ द्या, तीच वायर आर्डुइनोच्या एरेफ पिनला (रीडिंग कोणत्या व्होल्टेजच्या तुलनेत घ्यायचं ते ठरवणारी पिन) जोडा, पण त्याआधी कोडमध्ये रेफरन्स एक्स्टर्नल, म्हणजे analogReference(EXTERNAL), केलेला पाहिजे, हे विसरू नका हां. सेन्सरची डीआयआर पिन (फिरण्याची दिशा ठरवणारी) ग्राउंडला. सेन्सरच्या आऊटची वायर आर्डुइनोच्या ए० पिनला, म्हणजे पॉटसाठी लिहिलेला कोड तसाच चालतो आणि दोन सेन्सरचा आय२सी (डिजिटल जोडणीचा) पत्ता एकच असल्याची कटकटही राहत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्लॅटफॉर्म सपाट असताना रीडिंग ५१२ च्या (० ते १०२३ च्या मध्याच्या) आसपास येईल असा चुंबक फिरवून घ्या. १०२३ वरून ० वर उडी मारायची जागा मोटरच्या चालीत आली तर मोटर पूर्ण जोरात उलटी पळेल, माणूस बसलेला असताना हे फार धोक्याचं. पहिली चाचणी रिकाम्या सीटवर, लिमिट स्विच लावून आणि हात इमर्जन्सी बटणावर ठेवूनच करा.