व्यायामाच्या अ‍ॅपमध्ये सुधारणा कशी सुचवावी
वजन उचलण्याच्या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या निर्मात्यांना सुधारणा सुचवताना मोघम न लिहिता, नेमके कुठे अडते ते आकड्यांसह मांडावे. माझ्या जिममधील सर्वांत लहान प्लेट २.५ किलोची आहे. ती बारच्या दोन्ही टोकांना लावावी लागत असल्याने वजन एकदम ५ किलोने वाढते, तरीही अ‍ॅप ६० किलोनंतर ६२.५ किलोचा सेट सुचवते, जो २० किलोच्या बारवर तिथे भरताच येत नाही. अशा वेळी ‘उपलब्ध प्लेट निवडण्याची सोय द्यावी’ एवढीच मागणी करावी. रंगसंगतीची हौस नंतर भागवता येते. सोबत स्क्रीनशॉट आणि अ‍ॅपची आवृत्ती द्यावी. विश्रांतीचा टायमर स्क्रीन बंद होताच थांबत असेल, तर तो बिघाड आहे. तो वेगळा कळवावा.