चावी हरवलेल्या जुन्या ट्रकचं इग्निशन लॉक बदलण्याआधी

जुन्या टाटा ४०७ची चावी हरवली की कुणीतरी लगेच सुचवतं, "डायरेक्ट करून टाका." डॅशबोर्डखाली दोन वायरी जोडायच्या, एक टॉगल स्विच आणि सेल्फसाठी, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरसाठी, एक बटण लावायचं, की झाली गाडी रस्त्यावर. याला माझा ठाम विरोध आहे. अशा जोडणीत फ्यूज बहुतेक वेळा नसतोच, वायर घासली की थेट बॅटरीचा करंट चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, लागतो, आणि ती गाडी दुसऱ्या दिवसापासून कुणीही घेऊन जाऊ शकतो. लॉक नीटच बदला. फक्त लॉकला हात लावण्याआधी एक-दोन दिवस तयारीला द्या, कारण बरीचशी तोडफोड त्या तयारीतच टळते.

सगळ्यात आधी चावी मिळते का ते पाहा. चावी हरवली म्हणून लॉक बदलायचं आणि त्यासाठी पुन्हा चावीच शोधायची, हे ऐकायला उलटं वाटेल. पण बऱ्याच इग्निशन लॉकची रचनाच तशी असते. बॅरल, म्हणजे चावी जिच्यात जाते ती नळी, लॉकच्या बाहेरच्या कवचातून काढायला चावी ठरावीक जागी फिरवावी लागते आणि मगच बाजूच्या बारीक भोकातून पिन दाबली की ती सुटते. म्हणजे तासाभरापुरती का होईना, चालणारी चावी हाताशी असेल तर काम पाना-स्क्रू ड्रायव्हरचं. नसेल तर ड्रिलचं. गाडी कर्जावर घेतली असेल तर फायनान्सवाल्यांकडे दुसरी चावी पडून असण्याची बरीच शक्यता असते, तिथे पहिला फोन करा. जुन्या मालकाला विचारा. नवीन गाडीसोबत चाव्यांना अडकवलेला पत्र्याचा छोटा बिल्ला येतो, त्यावरचा नंबर सापडला तर त्यावरून चावी बनू शकते. काही गाड्यांत दरवाजा, डिझेलच्या टाकीचं झाकण आणि इग्निशन यांना एकच चावी लागते. तसं असेल तर चावी बनवणारा दरवाजाचं लॉक खोलून त्यावरून चावी घासून देतो. त्यामुळे कारागीर गाडीजवळ आणण्याचा खर्च वाया जात नाही.

त्याला बोलावण्याआधी कागद जमवून ठेवा. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), विम्याची प्रत, मालकाचं ओळखपत्र, आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं सहीचं पत्र. चेसिसवर कोरलेला नंबर ग्रीस पुसून वाचा आणि आरसीशी ताडून पाहा. चांगला कारागीर हे कागद स्वतःहून मागतो. जो काहीच न विचारता लॉक खोलायला तयार होतो, त्याच्याकडे मी तरी गाडी देणार नाही. आरसी गाडीतच होती आणि तीही गेली असेल तर डुप्लिकेटसाठी फॉर्म २६ भरावा लागतो, ते काम वेगळं सुरू करा. चावी हरवल्याची नोंद पोलिसांकडे करून पोच घ्या. गाडी उद्या चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्यासोबत सगळ्या चाव्या मागते. त्या वेळी "एक हरवली होती, लॉक बदललं होतं" हे सांगायला ती पोच आणि गाडीचा नंबर टाकलेलं लॉकचं बिल, असे दोन्ही कागद लागतात. बिलाशिवाय लॉक घेऊच नका.

आता दुकानात जाण्याआधी लॉक खालून बघा. टॉर्च आणि मोबाइल घेऊन मागची बाजू, वायरींचे रंग, कनेक्टरचा आकार, पकडीचे स्क्रू या सगळ्याचे फोटो काढा. स्विचच्या पाठीवर पुष्कळदा ३०, १५, ५० असे आकडे कोरलेले असतात. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी कायम चालू लाइन, १५ चावी ऑन केल्यावरची, ५० सेल्फची. हे आकडे आणि कुठल्या आकड्याला कुठल्या रंगाची वायर आहे ते वहीत लिहून घ्या. जुन्या गाडीत वायरिंग कुणी कधी बदललेलं असतं, रंगावर भरवसा ठेवता येत नाही. गाडी १२ व्होल्टची की २४ची, लॉक डॅशबोर्डवर की स्टीअरिंगच्या कॉलमवर, म्हणजे चाकाखालच्या दांड्यावर, हेही टिपा. कित्येक लॉकमध्ये पुढची बॅरल आणि मागचा विजेचा स्विच वेगळे असतात. तसं असेल तर फक्त बॅरल मिळते का विचारा. नाहीतर दरवाजे आणि टाकीच्या झाकणासकटचा पूर्ण लॉकसेट घ्या, म्हणजे खिशात एकच चावी राहते.

लॉक कॉलमवर असेल तर एक खास वस्तू आधीच आणा: डोकं तुटणारे बोल्ट. चोराला पाना लावता येऊ नये म्हणून स्टीअरिंग लॉकची पकड अशा बोल्टने बसवतात. ठरावीक जोर लागला की बोल्टचं षटकोनी डोकं तुटून पडतं आणि मागे राहतो गुळगुळीत गोल घुमट, ज्याला पाना धरतच नाही. तो छिन्नीने हळूहळू फिरवून काढावा लागतो. एकदा काढलेला बोल्ट पुन्हा वापरता येत नाही आणि त्याच्या जागी साधा बोल्ट लावणं म्हणजे नवं लॉक उघडं टाकणं.

गाडी सपाट जागी, चाकांना लाकडी ठोकळे लावून, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये उभी करा. स्टीअरिंग लॉक होऊन अडकलं असेल तर ओढून न्यायच्या भानगडीत पडू नका, कारागीरच गाडीपाशी आणा. बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर काढा. २४ व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात, त्यात चेसिसला जाणारी वायर शोधा. कॉलमखाली पांढरं फडकं पसरा, कारण बॅरलमधल्या स्प्रिंगा तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात आणि रबरी मॅटवर पडल्या की दिसत नाहीत.

चावी बनलीच नाही तर ड्रिल. ते काम कुलपाच्या कारागिराकडूनच करून घ्या, आणि नुसती बॅरल नव्हे, पूर्ण लॉकच बदलायचं असं आधी ठरवूनच. चष्मा, चुंबक आणि कीस झटकायला ब्रश हवा. धातूचा कीस स्विचमध्ये गेला तर नवं लॉकही शॉर्ट होतं.

चाचणीचं सामान म्हणजे फक्त टेस्ट लॅम्प, वायरीत वीज आहे का ते दाखवणारा छोटा दिवा. बॅटरी जोडल्यावर ३० वर दिवा कायम, १५ वर ऑन केल्यावर, ५० वर फक्त सेल्फ मारताना लागला पाहिजे. जुन्या डिझेल गाड्यांना इंजिन बंद करायला ओढायची तार असते. पहिला सेल्फ मारताना कुणालातरी ती ओढून धरायला सांगा, आणि गाडी न्यूट्रलमध्येच आहे याची पुन्हा खात्री करा, कारण अशा गाडीला क्लच न दाबताही सेल्फ लागतो. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून, लॉक करून, पुन्हा सोडवून पाहा. चावीचा नंबर लिहून बिल्ला घरी ठेवा, दुसरी चावी मालकाकडे, आणि काढलेलं जुनं लॉक बिलासोबत पिशवीत बांधून विम्याच्या कागदांजवळ.