कुत्र्या-मांजरांच्या घरासाठी व्हॅक्युम क्लीनर निवडताना

खोक्यावरचे वॉट पाहून मशीन घेऊ नका. वॉट म्हणजे मोटर किती वीज खाते एवढेच. केसांच्या बाबतीत खरा कस लागतो तो ब्रशचा. सोफा, गादी, सतरंजीत रुतलेले केस नुसत्या ओढीने निघत नाहीत, त्यासाठी स्वतःची मोटर असलेला छोटा फिरता ब्रश हवाच. त्याचा रोलर सहज बाहेर निघतो का, हे दुकानातच काढून बघा. रोलरच्या टोकांना केस गुंडाळले की तो अडकतो, तापतो आणि शेवटी त्याला फिरवणारा पट्टा तुटतो. दर आठवड्याला हे केस कात्रीने कापून काढा.

जळगाव-धुळ्याकडे काळ्या मातीची बारीक धूळ केसांसोबत येते, फिल्टर लवकर बुजतो. म्हणून सायक्लोन डबा (हवा गरगर फिरवून धूळ वेगळी पाडणारा), धुता येणारा पुढचा फिल्टर आणि मागे एच-१३ हेपा (अतिसूक्ष्म धूळ अडवणारा फिल्टर), अशी रचना घ्या. धुतलेला फिल्टर २४ तास सावलीत वाळवा. ओलाच बसवला तर कुबट वास सुटतो, मोटरही बिघडू शकते.

बिनवायरचे घेणार असाल तर बॅटरी सुटी निघणारी हवी. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की दुपारी चार्जिंग नकोच, पहाटे करा; उष्णतेत लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते. फिल्टर, पट्टा गावाजवळ मिळतो का, तेही पैसे देण्याआधी विचारा.