आधी रेशन दुकान, मग कलम

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षाला मी राज्यांचे अन्नसुरक्षेचे कायदे हा विषय घेतला आणि थेट अधिनियम उघडून बसले. आठ दिवसांत वही भरली, हाती काही लागलं नाही. खरी सुरुवात झाली ती सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका रेशन दुकानाच्या रांगेत.

माझ्या पुढे एक विडी कामगार अक्का होत्या. त्यांनी अंगठा पदराला पुसून ठसा तपासणाऱ्या पॉस मशीनवर ठेवला. ठसा उठला नाही. मग मधलं बोट, मग दुसरा हात. दुकानदारानं ओलं फडकं दिलं, तरी नाही. “चाळीस वर्षं पानं कापून अन् तंबाखू भरून रेघाच राहिल्या नाहीत बघ,” असं म्हणत त्यांनी रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली.

त्या रात्री 2013 चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम पुन्हा वाचला, पण या वेळी एकच प्रश्न घेऊन: धान्य मिळालं नाही तर पुढे काय? हा विषय नव्यानं घेत असाल, तर तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. कायद्यानं निवडलेल्या प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी 5 किलो आणि अंत्योदयला, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांना, कार्डामागे 35 किलो, हे सगळ्यांना पाठ असतं. कलम 8 मात्र फार कमी जण उघडतात. हक्काचं धान्य दिलं नाही, तर राज्य सरकारनं अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा, असं त्यात आहे. कलम 15 मध्ये जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, 16 मध्ये राज्य अन्न आयोग, आणि 33 मध्ये कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 5,000 रुपयांपर्यंत दंड. अंगठा उठला नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला परत पाठवू नये, असं केंद्रानं ऑक्टोबर 2017 मध्येच राज्यांना कळवलं आहे. अक्कांना यातलं कुणीच काही सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, विधिमंडळानं केलेला कायदा आणि सरकारनं नुसता आदेश म्हणून काढलेला शासन निर्णय यांची गल्लत करू नका. 26 जानेवारी 2020 ला सुरू झालेली 10 रुपयांची शिवभोजन थाळी शासन निर्णयावर उभी आहे. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. थाळी चांगलीच आहे, पण उद्या थाळीचं केंद्र बंद झालं तर जेवणाऱ्याला दाद मागायला कलम नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारं उघडली ती स्वतःचा जीव पणाला लावून. कायदा झाला की तेच कोठार उघडणं ही नोकरीतली जबाबदारी होते.

या बाबतीत आपल्या राज्याचं काम मोठं आहे आणि ते नव्या अभ्यासकांना माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं. 1972 च्या दुष्काळात माझी आजी सांगोल्याकडे खडी फोडायला जायची, कामावर सुकडी मिळायची. त्या अनुभवातून 1977 चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम आला: मागितल्यावर 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पैसा कुठून? 1975 चा व्यवसाय कर यासाठीच बसवला. पगारपत्रकात आजही ती कपात दिसते. केंद्राचा 2005 चा रोजगार हमी कायदा पुढे याच वाटेनं आला. उपाशी माणसाला धान्य देणं आणि त्याच्या हाताला काम देणं, हे एकाच भुकेवरचे दोन कायदे म्हणून वाचा.

तुलनेसाठी छत्तीसगडचा 2012 चा कायदा घ्या. केंद्राच्या आधी आलेला, आणि त्यात धान्यासोबत हरभरा नि मीठही आहे. केंद्राचा कायदा राज्याला जास्त द्यायला अडवत नाही, हे कलम 32 वरून कळतं.

पुरवठा शाखेत गेलात की ‘इष्टांक’ हा शब्द कानावर पडेल, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली कमाल संख्या. महाराष्ट्रासाठी 7 कोटी 16 हजार लाभार्थी ठरले ते 2011 च्या जनगणनेवरून. लोकसंख्या वाढली, आकडा तिथेच. त्यामुळे केशरी कार्डावरचं पात्र कुटुंबसुद्धा “इष्टांक शिल्लक नाही” ऐकून परत येतं. माझ्या मते प्रबंधासाठी याहून महत्त्वाचा विषय सध्या नाही.

माझ्याकडून एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. अक्कांचा तक्रार अर्ज मी एका कार्यालयात टेबलावर ठेवून आले, पोच घेतली नाही. दोन महिन्यांनी गेले तर “असा अर्ज आलाच नाही.” त्या दोन महिन्यांत तीन माणसांच्या घराचं 30 किलो धान्य बुडालं. अक्का मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मीच आठवडाभर त्यांच्या गल्लीत गेले नाही.

दुसरा अर्ज दोन प्रतींत केला, आवक क्रमांक आणि शिक्का घेतला, त्यात केंद्राच्या त्या पत्राचा आणि कलम 8 चा उल्लेख केला. पुढच्या महिन्यात मोबाइलवरच्या ओटीपीनं धान्य मिळालं. ओटीपी मुलाच्या फोनवर येतो आणि तो पुण्याला कामाला आहे, म्हणून महिन्यातून एकदा त्याची जेवणाची सुट्टी झाली की अक्का दुकानातून त्याला फोन लावतात.