सेंटर डिफरन्शियल घरी बदलताना: आधी टेप, मग पाना

माझी ग्रँड व्हिटारा २०१० ची, २.४ पेट्रोल, हाताच्या गिअरची. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून पुन्हा दिला की खालून 'खट्ट' व्हायचं. गगनबावड्याच्या रस्त्याला पावसात हे फारसं जाणवायचं नाही. कोरड्या डांबरावर पार्किंगमधून पूर्ण स्टिअरिंग तोडून निघालं की मात्र गाडी अडखळायची, बैलानं अंग चोरावं तशी.

ऐकणाऱ्या प्रत्येकाचं निदान एकच, महापूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आमच्या बोळात पाणी आलं होतं आणि गाडी दोन दिवस त्यात उभी होती. "काका, पाणी शिरलंय आत, दुसरं काय," असं उद्यमनगरातले मिस्त्रीही म्हणाले. संशय घ्यायला जागा होती. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, सेंटर डिफरन्शियल तिच्यातच असतं. तिला हवा जायला ब्रीदर असतो, आणि गाडी बुडाली की तिथून पाणी आत ओढलं जाऊ शकतं. पण पाणी शिरलं तर ऑइल दुधाळ होतं. माझं निघालं ते काळसर, त्यात पांढरा थेंब नाही. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर मात्र नखाच्या कडेएवढे चार कण. राखाडी मलमासारखा थर असता तर मी प्लग पुसून परत लावला असता, ती रोजची झीज. कण म्हणजे आत काहीतरी तुटतंय.

मी मेकॅनिक नाही. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका मशीन शॉपच्या तपासणी विभागात बावीस वर्षं काढली, त्यामुळं मापल्याशिवाय विश्वास ठेवायची सवय नाही. टेप काढली आणि चारही टायरचा घेर मोजला. मागचे दोन आठ महिन्यांपूर्वी नवे घातलेले, पुढचे जुनेच. दुकानात "दोनच बदला, पुढचे अजून चालतील" असं सांगितलं होतं आणि मीही पैसे वाचले म्हणून खूश झालो होतो.

गणित करून बघा. टायर २२५/६५ आर १७, म्हणजे नव्याचा व्यास साधारण ७२४ मिमी आणि घेर २२७५ मिमी. नक्षी ८ मिमीवरून ३ मिमीवर आली की व्यास १० मिमीनं घटतो आणि घेर ३१ मिमीनं. एक किलोमीटर जायला नवं चाक जवळजवळ ४४० फेरे घेतं, झिजलेलं ४४६. फरक सहा फेऱ्यांचा. साध्या गाडीत त्याचं कुणाला काही नाही. पण ज्या गाडीत चारही चाकांना कायम ताकद जाते, तिथं पुढच्या आणि मागच्या एक्सलमधला हा फरक गिळायचं काम सेंटर डिफरन्शियलचं. खरं तर त्याला वळणापुरतंच राबायचं असतं, कारण वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा मारतात. माझ्या गाडीत ते सरळ रस्त्यावरही राबत होतं. पुण्याला एकदा गेलो की चौदाशे जादा फेरे, सगळे भाराखाली.

म्हणून खालचं काही करण्याआधी टायर मोजा. नाहीतर नवं डिफरन्शियलही त्याच वाटेनं जाईल.

आणखी एक. २०२२ ला आलेल्या नव्या ग्रँड व्हिटाराच्या ऑल व्हील ड्राइव्हमध्ये सेंटर डिफरन्शियल नाहीच, तिथं इलेक्ट्रॉनिक कपलिंग आहे. पुढचं सगळं जुन्या, एन (न्यूट्रल), ४एच (रोजचं चालवणं), ४एच लॉक (सेंटर डिफरन्शियल जखडलेलं) आणि ४एल लॉक (तेच, हळू वेगाला) अशा चार खुणांची नॉब असलेल्या गाडीचं.

खट्ट आवाज डिफरन्शियलचाच कशावरून? प्रोपेलर शाफ्टचे (केसपासून एक्सलकडं ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे, इंजिनचे माउंट आणि मागचा डिफरन्शियलही हाच आवाज काढतात. आधी शाफ्ट हातानं हलवून क्रॉस तपासा, ढिला असेल तर सुटलात, स्वस्तात काम झालं. नसेल तर मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, पुढची चाकं उचलून स्टँडवर टेकवा, पहिला गिअर टाका. नॉब ४एचवर ठेवून पुढचा प्रोपेलर शाफ्ट हातानं मागंपुढं फिरवा आणि फ्लँजवर (शाफ्ट बोल्टनं जोडलेला असतो त्या चकतीवर) खडूनं किती हलतो ते खूण करा. मग ४एच लॉक करून हेच पुन्हा. लॉकमध्ये ताकद डिफरन्शियलला वळसा घालून जाते. दोन्हीकडं ढिलाई सारखीच आली तर केसमधली चेन किंवा स्प्लाइन (शाफ्टवरचे खाचांचे दात) बघा. ४एचमध्ये भरपूर आणि लॉकमध्ये थोडी आली, तर बोट डिफरन्शियलकडं. माझी २५ मिमी आणि ६ मिमी आली. गिअरबॉक्सची ढिलाईही पहिल्या आकड्यात मिसळलेली असते, त्यामुळं शेवटची खात्री केस उतरवल्यावर टेबलावर.

आता उतरवणं. आमच्या शेडची जमीन सिमेंटची आहे, तुमची मातीची असेल तर हे काम तिथं करू नका. गाडी चारही बाजूंनी स्टँडवर, जॅकच्या भरवशावर एक मिनिटही खाली जायचं नाही. आणि नॉब एनवर असेल तर गिअर टाकूनही गाडी घरंगळते, प्रोपेलर शाफ्ट सुटले की तसंच. भाच्याला हे मी तीनदा सांगितलं, तो म्हणाला "मामा, कळलं," आणि चौथ्यांदाही सांगितलं.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. ड्रेन प्लगला हात लावण्याआधी वरचा फिलर प्लग सैल करून बघा. सगळं ऑइल सांडून झाल्यावर फिलर अडकलेला निघाला तर भरणार कुठून? गिअरबॉक्सचंही ऑइल काढून घ्या, केस सुटल्यावर अंगावर येणार नाही. हे जुनं ऑइल गटारात ओतू नका. आमच्याकडं गटार जयंती नाल्याला आणि नाला पंचगंगेला. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, तो जुनं ऑइल नेणाऱ्याला विकतो.

प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर दोन्ही बाजूंनी सेंटर पंचनं खूण करून मगच बोल्ट काढा. तसेच परत बसले नाहीत तर गाडी थरथरते, आणि मग लोक नव्या डिफरन्शियलला शिव्या घालतात. सुटलेला शाफ्ट लोंबकळत ठेवू नका, तारेनं बांधा. सायलेन्सरचा मधला पाइप आड येत असेल तर त्याच्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. माझा एक बोल्ट तरीही तुटलाच, त्यात अर्धा दिवस गेला.

लॉकच्या मोटरचा, सेन्सरचा आणि स्विचचा प्लग काढताना प्रत्येकाला टेपची चिठ्ठी लावा आणि फोटो काढा. ब्रीदरची नळी विसरू नका. मग गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळा ठेवून दुसरा जॅक द्या आणि क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सला खालून पेलणारी आडवी पट्टी) काढा. गिअरबॉक्स थोडाच खाली सोडायचा, रेडिएटरचा पंखा आणि पाइप ताणले जात नाहीत ना हे पुढून एकानं बघायचं. केसचे बोल्ट काढून ती सरळ मागं ओढा. एकट्यानं पेलण्यासारखं हे ओझं नाही. तिचं वजन इनपुट शाफ्टवर टांगलं गेलं तर स्प्लाइन आणि सील दोन्ही जातात. आम्ही मोटरसायकलचा जॅक वापरला, तरी दोघांचा घाम निघाला.

टेबलावर घेतल्यावर आधी बाहेरून डिझेलनं स्वच्छ धुवा. मातीचा एक कण आत गेला तर सगळी मेहनत वाया. आता ती खात्री करून घ्या. इनपुट घट्ट धरा आणि पुढचं आउटपुट फिरवा, मागचं उलट्या दिशेनं फिरलं पाहिजे. माझ्यात ते आधी चतकोर फेरी नुसतंच हलायचं, मग पकडायचं.

केस उघडताना घाई नको. सर्क्लिप (अडकवायची कडी), शिम (जाडी जुळवायची पातळ चकती) आणि फोर्क (गिअर सरकवणारा काटा) ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं वर्तमानपत्रावर मांडा, शेजारी नंबर. चेन दोन्ही स्प्रॉकेटसकट एकदमच बाहेर येते आणि परत जातानाही दोन्ही शाफ्ट एकदमच जातात. एक बसवून दुसरा घुसवायला गेलात की तिथंच रविवार संपला. आमचा एक संपला.

नव्या डिफरन्शियलची किंमत ऐकून मी फोन ठेवला होता. गाडी जपानहून आयात झालेली, सुटा भाग त्याच हिशेबानं. शेवटी जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून एक घेतलं. जुनं घेताना तोंडी हमीवर जाऊ नका. हातात धरून फिरवा, करकर नको. गिअरच्या दातांवर खड्डे बघा, वॉशरची जाडी व्हर्निअरनं मोजा, जिथं घासतं त्या जागेवर निळसर रंग आला असेल तर तो भाग ऑइलविना तापलेला आहे, परत करा. चेनची ढिलाईही याच वेळी तपासा, पुन्हा कोण उतरवणार.

बेअरिंग आणि सील मात्र नवेच. बेअरिंग हातोड्यानं ठोकून बसवायचं नाही. जुन्या पातेल्यात ऑइल १०० अंशांपर्यंत गरम करून त्यात बुडवलं की बऱ्याचदा हातानं सरकतं. १२० च्या वर जाऊ देऊ नका, थर्मामीटर लावा आणि हे स्वयंपाकघरात करू नका. प्रेस हवी असेल तर उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. कोल्हापुरात राहण्याचा एवढा तरी फायदा. शिमची जाडी जुन्यावरून गृहीत धरू नका, डायल गेज लावून शाफ्टची लांबीच्या दिशेनं असलेली ढिलाई सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. बोल्टचा टॉर्कही तिथूनच घ्या, मिस्त्रीच्या मनगटावरून नको.

सीलच्या ओठाला थोडं ग्रीस आणि जोडाला सिलिकॉनची बारीक रेघ. जाड थापली तर आत पिळून ऑइलच्या वाटा बंद करते. बोल्ट आमनेसामने, दोन टप्प्यांत. गाडीखाली नेण्याआधी इनपुट धरून ती उलट्या फेऱ्याची तपासणी पुन्हा करा. या वेळी हात लावताक्षणी मागचं फिरलं. भाचा म्हणाला, "नादखुळा!"

बसवणं म्हणजे उतरवण्याचाच उलटा प्रवास. ऑइल पुस्तकातल्या ग्रेडचं, आणि फिलरच्या ओठापर्यंत, तेही गाडी सपाट असताना. दोन दिवस थांबून खाली पुठ्ठा घालून गळती बघा.

पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, ४एचवर, सावकाश, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वळसे घेत. अडखळलं नाही तर पन्हाळ्याचा चढ. लॉक फक्त चिखलात तपासायचं, डांबरावर लॉक लावून वळणं घेतलीत तर आतल्या भागांना पीळ बसतो. ५०० किलोमीटरला ऑइल पुन्हा बदलून चुंबक बघा. माझ्या चुंबकावर नुसतं मलम होतं.

टायर आता चारही एका कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले. राहिली मागच्या दारावरची स्टेपनी. ती अजून पूर्ण नक्षीची आहे, म्हणून ती लावून फक्त पंक्चरवाल्यापर्यंत जायचं आणि लगेच उतरवायची.