गोचीड कोणती, खरूज कशाची? जनावराच्या अंगावरचा किडा ओळखताना

गाईच्या कासेवर एरंडीच्या बीएवढी, करडी, टम्म फुगलेली गोचीड दिसली की बहुतेक जण तीच काढून डॉक्टरला दाखवायला नेतात. ओळखण्याच्या दृष्टीने नेमकी तीच सर्वांत निरुपयोगी. रक्त पिऊन फुगलेल्या मादीची पाठीवरची ढाल ताणलेल्या पोटापुढे हरवून जाते, पाय पोटाखाली दडतात आणि वेगवेगळ्या जातींच्या माद्या एकसारख्याच दिसू लागतात. हव्यात त्या अर्धवट फुगलेल्या किंवा चपट्या गोचिडी, आणि शक्यतो नर. नर लहान असतो, पुष्कळदा फुगलेल्या मादीच्या पोटाखालीच चिकटून बसलेला सापडतो. मादी काढली की ती उलटी करून पाहावी.

गोळा करताना हातमोजे घाला. बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड कातडीला अगदी लागून धरा आणि न पिळता सरळ वर ओढा. मुंडके आत तुटून राहिले तर जखम पिकते, आणि नमुनाही वाया जातो, कारण ओळख मुंडक्यावरूनच पटते. रॉकेल ओतणे, काडीने चटका देणे हे प्रकार करू नका. नखाने चिरडणे तर मुळीच नको: हायलोमा जातीच्या गोचिडीतून माणसाला काँगो ताप हा जीवघेणा विषाणूजन्य रोग होऊ शकतो, आणि गुजरातेत 2011 साली त्याची साथ आली होती.

प्रथम पाय मोजा. प्रौढ गोचिडीला आठ, तिच्या पिल्लाला सहा. उवेलाही सहाच पाय, पण तिचे डोके धडापासून स्पष्ट वेगळे दिसते. पिसू दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते आणि उडी मारते. आणखी एक चूक सर्रास होते: कुत्र्याच्या पोटावरची चामखीळ किंवा चक्क स्तनाग्र गोचीड समजून ओढले जाते. ओढण्याआधी बुडाशी पाय दिसतात का, ते भिंगातून बघा.

आता दहापट भिंग घ्या, गोचीड पांढऱ्या बशीत पालथी ठेवा आणि वरून तोंडाकडे पाहा. रंगावर विसंबू नका. जिवंत, सुकलेल्या आणि स्पिरिटात राहिलेल्या गोचिडीचा रंग वेगवेगळा असतो. पाठभर ढाल असेल तर नर, फक्त मानेमागे छोटी ढाल असेल तर मादी.

तोंड आखूड, त्याचा पाया वरून षट्कोनी आणि पाय फिकट असतील, तर गाई-म्हशींवर बहुधा ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस असते. जुन्या पुस्तकांत हिलाच बूफिलस म्हटले आहे. नराच्या मागच्या टोकाला बारीक शेपटीसारखे टोक दिसले की शंका उरत नाही. ती गळ्याची पोळी, मांडीची आतली बाजू, कास आणि शेपटीच्या बुडाशी सापडते.

तोंड लांब, पुढे चोचीसारखे आलेले, अंग मोठे, पाय लांब आणि बहुतेकदा त्यांवर फिकट कडी, शिवाय बशीत ठेवताच पळत सुटणारी, ती हायलोमा. प्रौढ गोचिडी कास, वृषण आणि गुदद्वाराच्या आसपास जास्त असतात.

हा फरक करायचा तो औषध कुठे मारायचे ते ठरवण्यासाठी. मायक्रोप्लस पिल्लू असल्यापासून फुगेपर्यंत सुमारे तीन आठवडे एकाच जनावरावर काढते, म्हणून उपचार जनावरावर आणि पुन्हा तीन आठवड्यांच्या हिशेबाने. हायलोमा मधूनच जनावरावरून खाली उतरते आणि गोठ्याच्या भिंतीच्या फटींत, दगडांच्या सांध्यांत दडून बसते. तिथे नुसते जनावर धुऊन काही होत नाही. फटी बुजवाव्या लागतात. रोगही वेगळे. मायक्रोप्लसमुळे बॅबेसिओसिस होतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते. हायलोमामुळे थायलेरिओसिस होतो, ताप चढतो आणि खांद्यापुढची गाठ सुजते. संकरित गाई त्याला देशी गाईंपेक्षा लवकर बळी पडतात.

कुत्र्यावरची तपकिरी गोचीड म्हणजे ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. कानात, बोटांच्या बेचक्यात पाहा. तिचाही तोंडाचा पाया षट्कोनी, पण शरीराच्या मागच्या कडेला चौकोनी खाचांची रांग असते, जी मायक्रोप्लसला नसते. ती भिंतीवर चढते, म्हणून पडद्यामागे आणि चौकटीत सापडली तर नवल नाही.

सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या जंगलालगत चरणाऱ्या गुरांवर आखूड तोंडाची, पण तोंडाच्या दोन्ही बाजू कोनासारख्या बाहेर आलेली आणि ढालीच्या कडेला डोळ्यांचे चमकते ठिपके नसलेली गोचीड मिळाली, तर ती हीमाफायसॅलिस. तिच्यातली स्पिनीजेरा ही जात माकडताप या माणसाला होणाऱ्या विषाणूजन्य रोगाची मुख्य वाहक आहे. माणसाला चावते ती मुख्यतः तिची कोवळी अवस्था, खसखशीच्या दाण्यापेक्षा थोडीच मोठी. त्या भागात डिसेंबर ते मे या काळात उघड्या हाताने गोचीड काढू नये.

खरूज आणि लूत यांचे किडे, म्हणजे माइट, डोळ्यांना क्वचितच दिसतात. इथे ओळख कातडी खरवडून पटवावी लागते, आणि बहुतेक चुका खरवडण्याच्या जागेवरच होतात. जाड खपलीच्या मधोमध खरवडाल तर नुसता कोंडा मिळेल. जखमेची नवी कड, जिथे केस नुकते गळू लागलेत, ती निवडा. केस कापा, बोथट पात्यावर लिक्विड पॅराफिनचा थेंब घ्या, कातडी चिमटीत धरा आणि रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत एकाच दिशेने खरवडा. चार-पाच जागी हेच करा. खरवड काचपट्टीवर पॅराफिनमध्ये मिसळून सूक्ष्मदर्शकाच्या आधी चारपट, मग दहापट वस्तुभिंगाखाली पाहा. पॅराफिनमध्ये माइट जिवंत राहतो, त्यामुळे हालचालीवरून सापडतो. खपली फार जाड असेल तर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून विरघळवतात आणि तळाचा गाळ पाहतात, पण ते द्रावण कातडी जाळते, म्हणून प्रयोगशाळेतच करावे.

गोल शरीर, खुंटासारखे आखूड पाय आणि मागच्या पायांच्या दोन जोड्या शरीराबाहेर जवळजवळ न येणाऱ्या, तर सारकॉप्टिस. कुत्र्यात कानाच्या कडा आणि कोपर हे त्याचे ठिकाण. कानाची कड बोटांत चोळली की मागचा पाय खाजवू लागतो, ही खूण बरीच खात्रीची. हा किडा खऱ्या खरजेतही खरवडीत पुष्कळदा सापडत नाही. "रिपोर्ट निगेटिव्ह आला" म्हणून उपचार थांबवणे ही जुनी चूक. घरातल्या माणसांच्या हातावर, कमरेवर खाजरे पुरळ आले असतील तर संशय आणखी पक्का.

लांबट शरीर, लांब पाय आणि टोकाला सांधे असलेल्या देठावर तुतारीसारखे चूषक, तर सोरॉप्टिस. मेंढ्या-म्हशींच्या अंगावर आणि सशांच्या कानात हा असतो. काळ्या कागदावर खरवड झटकली तर पांढरा ठिपका चालताना नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो.

सिगारसारखे लांबुळके शरीर आणि पुढच्या भागात आठ आखूड पाय, तर डेमोडेक्स. तो केसाच्या मुळात राहतो, म्हणून खरवडण्याआधी कातडी चिमटीत घट्ट दाबून वर आणावी लागते. पिल्लाच्या डोळ्यांभोवती केस गेलेत पण खाज फारशी नाही, तर आधी याचा विचार करा. निरोगी कुत्र्यातही एखादा सापडतो. अनेक प्रौढ, अंडी आणि पिल्ले मिळाली तरच रोग समजावा.

मांजराच्या कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ असेल तर कान साफ करण्याआधी काडीवर कापूस घेऊन नमुना काढा. तो काळ्या कागदावर पसरला की पांढरे ठिपके हलतात: ओटोडेक्टिस. काचपट्टीवर गडद काठाचे गोल दिसले तर हुरळून जाऊ नका, ते हवेचे बुडबुडे असतात. लांब केसांचे माइट दिसले तर ते पेंढ्यातून आलेलेही असू शकतात.

कोंबड्यांच्या अंगावर दिवसा सहसा काही सापडणार नाही. रात्री विजेरी घेऊन बसण्याच्या दांड्यांचे सांधे पाहा. पांढरा कागद फिरवल्यावर रक्ताची रेघ उमटली तर लाल माइट. चपटी, चामड्यासारखी, वरून तोंड न दिसणारी गोचीड फटीत मिळाली तर ती आर्गस.

नमुना 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, कारण शुद्ध अल्कोहोलमध्ये पाय कडक होऊन मोडतात. एका बाटलीत एकाच जनावरावरचे किडे, सोबत चिठ्ठी: जनावर, शरीरावरची जागा, गाव, तारीख. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या परजीवीशास्त्र विभागात जागा लिहिलेला नमुना अर्धा ओळखलेलाच असतो. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि पोहोचेपर्यंत निळे पाणी व कोरा कागद एवढेच उरते.