आस्थापना विभागात नवे आहात? कपातीचा हिशेब आधी शिका

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत माझी सारी नोकरी आस्थापना विभागात झाली. या खात्यात नव्याने येणाऱ्यांना हजेरी, पीएफ, कॅन्टीनची कुपनं पटकन जमतात. कपातीचा, म्हणजे कामगार कमी करताना द्यायच्या भरपाईचा, हिशेब मात्र कुणी शिकवत नाही. आणि तो करायची वेळ येते, तेव्हा समोर बसलेल्या माणसाची सर्व्हिस कधीकधी आपल्या वयापेक्षा जास्त असते.

मूळ नियम सोपा आहे. औद्योगिक विवाद कायदा, १९४७, कलम २५-एफ: वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. शेवटच्या अपुऱ्या वर्षाचे सहा महिन्यांहून जास्त भरले असतील तर तेही पूर्ण वर्ष धरायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, पण तिच्यातही पंधराचे सोळा झाले नाहीत.

माझा आक्षेप इथेच आहे. तिशीतल्या पोराची नोकरी गेली तर तो चाकणला दुसरी शोधतो. बावन्न वर्षांच्या माणसाला त्याच कामासाठी कंत्राटदाराकडे जावं लागतं, तेही निम्म्या पगारावर मिळालं तर. दर मात्र दोघांना एकच. ब्रिटनमध्ये निदान वयाच्या ४१व्या वर्षापासूनच्या सेवेला वर्षामागे दीड आठवड्याचा पगार धरतात, २२ ते ४० वयातल्या सेवेला एक आठवड्याचा. अर्थात तिथेही वीस वर्षांपलीकडची सेवा मोजत नाहीत, तेव्हा फार हुरळून जायला नको.

आता आकडे मांडू. सेवा २८ वर्षं, पगार ३६,०००, त्यात बेसिक-डीए २६,०००, बाकी घरभाडं आणि प्रवासभत्ता. जुन्या कायद्यात पगार म्हणजे भत्त्यांसकट पगार. म्हणून अर्धा महिना १८,०००, गुणिले २८, म्हणजे ५,०४,०००. नव्या संहितेच्या व्याख्येत घरभाडं आणि प्रवासभत्ता वगळले जातात; वगळलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तरच वरचा भाग पगारात परत येतो. इथे ती तेवढी नाही. म्हणजे १३,००० गुणिले २८, फक्त ३,६४,०००. जितकी सेवा जुनी, तितकी ही तफावत मोठी. संहितेतल्या पुनर्कौशल्य निधीतून (कपात झालेल्याला नवं काम शिकता यावं म्हणून ठेवलेला निधी) आणखी पंधरा दिवसांचा पगार ४५ दिवसांत खात्यावर येतो, पण तो एकदाच. दोन वर्षांवाल्यालाही पंधरा दिवस, अठ्ठावीसवाल्यालाही पंधराच.

माझ्या मते जुन्या माणसाचं खरं संरक्षण पैशात नाहीच, ते ‘शेवटी आला तो आधी जाईल’ या नियमात आहे. त्यामुळे सेवाज्येष्ठता यादी नीट ठेवा, रुजू झाल्याच्या तारखा तपासा. ती यादी आडवी येते म्हणूनच तर व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती योजना) निघते: कंपनीला महागडी जुनी माणसं कमी करायची असतात आणि कायदा बोट दाखवतो नव्यांकडे. स्वेच्छेने घेतलेली निवृत्ती कायद्याच्या भाषेत कपात नव्हे. सही झाली की कपातीची भरपाई संपली, ज्येष्ठतेचा मुद्दाही संपला. त्या सहीत ‘स्वेच्छा’ किती असते, हे शॉप-फ्लोअरवर, मशीनवरच्या माणसांना विचारा.

आणखी एक पेच. वीस-बावीस वर्षं झालेल्यांना ‘सुपरवायझर’ करून टाकायची पद्धत आहे. पर्यवेक्षकीय काम आणि दरमहा १८,००० च्या वर पगार (जुन्या कायद्यात १०,०००), की तो ‘कामगार’ उरत नाही. मग भरपाई नेमणूकपत्रात लिहिली असेल तेवढीच. कोर्ट हुद्दा बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतं. तो अजूनही मशीनच चालवत असेल तर कामगारच. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि घरी मुलीची फी थकलेली असते.

ग्रॅच्युइटी वेगळी. वरच्या माणसाची २६,००० भागिले २६ (महिन्याचे कामाचे दिवस), गुणिले १५, गुणिले २८, म्हणजे ४,२०,०००. ती राजीनाम्यावरही मिळतेच. व्हीआरएसच्या पत्रकावर मात्र ग्रॅच्युइटी, पीएफ, शिल्लक रजेचे पैसे सगळं एकत्र करून तळाशी एकच भरघोस आकडा छापलेला असतो. हे पत्रक तुमच्या हातून जाणार असेल, तर दोन रकाने वेगळे करून द्या: एकात कसंही गेलं तरी मिळणारे पैसे, दुसऱ्यात फक्त या योजनेमुळे मिळणारे. वरिष्ठ कुरकुर करतील. तरी द्या.